पोट आधी बघा, पाठ नंतर: कॉर्न स्नेक शुद्ध की संकरित?

पारदर्शक डब्यात वेटोळं घालून बसलेला केशरी-पिवळा साप, झाकणावर चिठ्ठी: ‘अमेल कॉर्न, मादी’ (अमेल म्हणजे अंगात काळा रंग नसलेला). अमेरिकेतल्या सरीसृपांच्या विक्री-मेळ्यात असे डबे टेबलावर ओळीने मांडलेले असतात. त्यातले काही साप नखशिखांत कॉर्न स्नेक असतात, काही निम्मे, काही पाव. तिन्ही सारखेच देखणे दिसू शकतात. घेणारा रंगावर भाळतो, आणि नेमका रंगच या बाबतीत सगळ्यात कमी कामाचा पुरावा आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. अंगावरच्या खुणा पाहून ‘हा संकरित आहे’ असं पुष्कळदा खात्रीने म्हणता येतं. ‘हा शुद्ध आहे’ असं नुसतं पाहून कधीच म्हणता येत नाही. फार तर ‘संकराची खूण सापडली नाही’ इतकंच. फोटो पाठवून ‘प्युअर आहे ना?’ विचारणाऱ्याला जो लगेच ‘हो’ म्हणतो, त्याच्या बाकीच्या सल्ल्यावरही विसंबू नये.

आधी कोण कोणात मिसळलं जातं ते पाहू. कॉर्न स्नेक म्हणजे पँथेरोफिस गट्टॅटस, अमेरिकेच्या आग्नेय भागातला, न्यू जर्सीपासून फ्लोरिडापर्यंत सापडणारा बिनविषारी साप. पूर्वी तो एलाफे या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, धरला जायचा. आपल्याकडचा तस्कर नावाचा सापही तेव्हा त्याच प्रजातीत होता, त्यामुळे तस्कर जवळून पाहिलेल्याला कॉर्नची ठेवण ओळखीची वाटेल. कॉर्नशी मिसळले जाणारे साप मुख्यतः तीन प्रकारचे. पहिला जवळचा भाऊबंद, पँथेरोफिस एमोरी, म्हणजे ग्रेट प्लेन्स रॅट स्नेक. हा करडा-तपकिरी असतो आणि त्याच्या अंगात लाली जवळजवळ नसते. दुसरे लॅम्प्रोपेल्टिस प्रजातीतले किंगस्नेक आणि मिल्क स्नेक. कॅलिफोर्निया किंगस्नेकशी झालेल्या संकराला ‘जंगल कॉर्न’ म्हणतात, सिनालोआ मिल्क स्नेकशी झालेल्याला ‘सिनाकॉर्न’. तिसरे पिट्युओफिस, म्हणजे गोफर आणि बुल स्नेक. त्यांच्या संकराचं बाजारातलं नाव ‘टर्बो कॉर्न’.

यातले बरेचसे संकर वांझ नसतात. घोडा-गाढवाच्या खेचरावरून आपण ठरवून टाकलेलं असतं की संकर म्हणजे पुढे वंश नाही. इथे तसं होत नाही. जंगल कॉर्नला पिल्लं होतात, त्या पिल्लांनाही होतात. म्हणून ‘माझ्या मादीने पंधरा चांगली अंडी दिली, म्हणजे ती शुद्धच’ हा युक्तिवाद टिकत नाही.

आता तपासणी. कात टाकायच्या आधी डोळे निळसर-दुधी होतात तेव्हा, आणि जेवणानंतरचे दोन दिवस, सापाला हात लावू नका. बाकी कधीही, दिवसाच्या उजेडात, सापाला स्वच्छ पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात ठेवा आणि डबा वर उचलून खालून फोटो काढा. शेजारी पांढरा कागद दिसू द्या. पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत पांढरा भाग मलईसारखा आणि मलई रंगाचा भाग केशरी दिसतो, आणि तेवढ्यावरून लोक तासन्‌तास वाद घालतात.

साध्या कॉर्नच्या पोटावर काळ्या-पांढऱ्या चौकटी असतात. रंगीबेरंगी दाण्यांच्या मक्याचं कणीस सोलल्यावर दिसतं तशा, आणि ‘कॉर्न’ हे नाव त्यावरूनच पडलं असं एक मत आहे. अमेल सापात काळा रंग तयारच होत नाही, त्यामुळे त्या चौकटी केशरी-पांढऱ्या किंवा अगदी फिकट दिसतात, पण त्यांची मांडणी कळते. चौकटींऐवजी आडवे सलग पट्टे पोटावर उतरलेले असतील, किंवा पाठीवरच्या पट्ट्याची कडा अखंड पोटापर्यंत येत असेल, तर किंगस्नेक किंवा मिल्क स्नेकचा संशय घ्यायला जागा आहे.

इथे नवखे लोक हमखास चुकतात. चौकटी नाहीत म्हणजे संकर, असं मुळीच नाही. मॉटली आणि स्ट्राइप ही नक्षी बदलणारी जनुकं असलेल्या शुद्ध कॉर्नचं पोट कोरं असतं. डिफ्यूज्ड, म्हणजे ज्याच्यापासून ब्लडरेड नावाचे लालभडक कॉर्न बनतात, त्याचंही पोट कोरं. फ्लोरिडा कीज बेटांवरच्या फिकट कॉर्नमध्ये पोटावरचा काळा रंग मुळातच कमी. तेव्हा कोरं पोट दिसलं की आधी पाठ बघा. पाठीवर गोल खिडक्या किंवा लांब रेघा असतील तर मॉटली-स्ट्राइपने पोट पुसलंय. अंगाच्या बाजूंचे डाग विरघळल्यासारखे दिसत असतील तर डिफ्यूज्ड. यातलं काहीच नसेल आणि तरी पोट कोरं असेल, तर पुढच्या खुणांकडे वळा.

किंगस्नेकचा संकर पकडायला सगळ्यात भरवशाची खूण शेपटीच्या मुळाशी असते. पोटाचे रुंद खवले संपतात तिथे अवस्कराच्या, म्हणजे विष्ठा आणि अंडी बाहेर पडतात त्या, फटीवर एक शेवटचा खवला असतो. कॉर्न आणि त्याच्या सगळ्या रॅट स्नेक भाऊबंदांत तो दुभंगलेला असतो. तिरकी रेघ जाऊन त्याचे दोन तुकडे पडलेले दिसतात. लॅम्प्रोपेल्टिस प्रजातीत तो अखंड, एकच. ‘कॉर्न’ म्हणून विकलेल्या सापात हा खवला अखंड दिसला तर तो प्राणी निव्वळ कॉर्न नाही असं मी धरून चालतो. अर्धवट चिरलेला, म्हणजे रेघ सुरू होऊन मध्येच थांबलेली दिसली, तरी तीच शंका. उलट बाजू मात्र लागू होत नाही. संकरित पिल्लाला हा खवला कॉर्नसारखा दुभंगलेलाही मिळू शकतो, त्यामुळे दुभंगलेला दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. आणि त्या फटीच्या पुढचे, शेपटीखालचे खवले पाहून निकाल देऊ नका. ते दोन्हीकडे जोडीजोडीनेच असतात, आणि ही गफलत फोटोवरून फार वेळा होते.

जिवंत सापावर हे बघणं अवघड वाटत असेल तर कात वापरा. अख्खी टाकलेली कात कोमट पाण्यात भिजवा, पोटाच्या बाजूने न फाडता पाठीच्या बाजूने कात्रीने उभी कापा, पांढऱ्या कागदावर पसरून सुकवा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. शेवटचा खवला दुभंगलेला की अखंड ते कातीवर लख्ख दिसतं. कातीवरून सापाची लांबी मात्र मोजू नका, ती उतरताना ताणली जाते.

त्याच कातीवर दोन गोष्टी आणखी कळतात. एक म्हणजे कंगोरा. कॉर्नच्या पाठीच्या मधल्या ओळींतल्या खवल्यांवर मधोमध एक पुसटशी उभी रेघ असते. कात प्रकाशापुढे तिरकी धरली की केसासारखी चमकते. बाजूचे, पोटाकडचे खवले गुळगुळीत असतात, तिथे शोधत बसू नका. कॅलिफोर्निया किंगस्नेक आणि मिल्क स्नेकचे सगळेच खवले गुळगुळीत. गोफर-बुल स्नेकमध्ये उलटं, कंगोरा ठसठशीत, बोट फिरवल्यावर खरखर लागावी असा. म्हणून पाठ जास्तच खरखरीत लागणारा ‘कॉर्न’ हाही संशयितच.

दुसरी गोष्ट खवल्यांच्या ओळी. अंगाच्या मध्यावर, पोटाच्या रुंद खवल्याला लागून असलेल्या पहिल्या खवल्यापासून तिरकं वर कण्यापर्यंत मोजत जा आणि कण्यावरून तसंच तिरकं दुसऱ्या बाजूला उतरा. सरळ आडवं मोजलं तर ओळ चुकते. कॉर्नमध्ये बहुधा २७ ओळी येतात, दोन कमी-जास्त चालतात. कॅलिफोर्निया किंगस्नेकमध्ये २३ किंवा २५. म्हणजे तुमच्या सापाच्या २३ आल्या तर दाट शंका, २७ आल्या तर कॉर्नच्या बाजूने एक गुण, आणि २५ आल्या तर काहीच सिद्ध होत नाही. मानेजवळ आणि शेपटीजवळ ओळी कमी होत जातात, म्हणून मोजणी बरोब्बर मध्यावरच हवी.

अंगाचा घेरही बोलतो. कॉर्न झाडांवर चढणारा साप आहे. त्याचं पोट सपाट आणि दोन्ही बाजूंना कोपरा आलेला असतो, कापलेल्या पावाच्या तुकड्यासारखा आकार. सापाला हातावरून सरकू दिलं की तो कोपरा तळव्याला जाणवतो. किंगस्नेक मात्र नळीसारखा गोल. जंगल कॉर्नमध्ये कोपरा बोथट होतो. ही खूण लठ्ठ सापात निकामी ठरते, कारण चरबी चढली की कॉर्नही नळीच होतो, आणि पाळलेले कॉर्न लठ्ठ असण्याचं प्रमाण थोडंथोडकं नाही.

डोकं पाहायचं ते वरून आणि बाजूने, दोन्हीकडून. कॉर्नच्या मानेवरच्या दोन पट्ट्या पुढे येऊन डोळ्यांच्या मध्ये भाल्याच्या टोकासारख्या जुळतात, आणि डोळ्यामागून निघालेली पट्टी जबड्याची कड ओलांडून मानेवर जाते. डोकं मानेपेक्षा स्पष्ट रुंद. किंगस्नेकमध्ये डोकं आणि मान जवळपास एकाच जाडीची, डोळे लहान, भाला नाही. जंगल कॉर्नमध्ये हा भाला तुटलेला, वेडावाकडा, कधी नुसते ठिपके झालेला दिसतो. फक्त एमोरीच्या बाबतीत ही खूण उपयोगाची नाही, कारण त्याच्याही डोक्यावर भाला असतो.

एमोरी हेच खरं अवघड प्रकरण. शेवटचा खवला दुभंगलेला, कंगोरा तसाच, ओळी तितक्याच, अंगाची ठेवण तीच. २००२ पर्यंत एमोरी ही कॉर्नची पोटजातीच मानली जायची. त्या वर्षी फ्रँक बरब्रिंक यांच्या अभ्यासानंतर कॉर्न आणि एमोरी वेगळ्या जाती ठरल्या, आणि लुइझियाना-पूर्व टेक्सासकडच्या सापांना स्लोविन्स्कीय हे तिसरं नाव मिळालं. म्हणजे २००१ साली जो साप दोन पोटजातींचं मिश्रण होता, तोच साप एक बोटही न हलता पुढच्या वर्षी दोन जातींचा संकर झाला. जुन्या पैदासकारांनी एमोरी मिसळला तेव्हा त्यांच्या लेखी ते काही गैर नव्हतं. आज त्यांना फसवे म्हणणं अन्यायाचं आहे. त्यांच्या सापांची आजची पिल्लं एमोरीचा उल्लेख गाळून विकणाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी.

अमेल रंगाच्या या संकराला ‘क्रीमसिकल’ म्हणतात. कॉर्नमधला अमेल गुण एमोरीच्या रक्तात उतरवून तो बनवला गेला. तो केशरी-मलई का दिसतो ते सोपं आहे. साध्या अमेल कॉर्नमधून काळा काढला की उरतो भरपूर लाल. एमोरीत लाल मुळात तुटपुंजा, त्यामुळे काळा काढल्यावर पिवळट-केशरी आणि मलईच उरते. काळा रंग शाबूत असलेल्या याच संकराला ‘रूटबीअर’ म्हणतात. तो तपकिरी, आणि नवख्याला साध्या कॉर्नसारखा वाटणारा.

फिकट केशरी दिसला की क्रीमसिकल म्हणून मोकळं व्हायचं का? नाही. ‘बटर’ हा शुद्ध कॉर्नमधला प्रकार आहे, अमेल आणि कॅरॅमल हे दोन गुण एकत्र आले की होतो. त्यातही लाल नसतो. फरक असा की बटरचे डाग सोनेरी-पिवळे असतात, केशरी नाहीत. ‘सनग्लो’ हाही निवडक पैदाशीतून आलेला अमेल, पांढऱ्या कडा नसलेला आणि झळझळीत. त्याला क्रीमसिकल समजून नाकारणारे लोक आहेत, आणि क्रीमसिकलला सनग्लो म्हणून विकणारेही. ‘कँडीकेन’मध्ये तर गुंता आणखी वाढतो. शुभ्र पाठीवर लाल डाग असा तो हवा असतो, आणि पाठ पांढरी करण्यासाठी काही वंशरेषांत एमोरीचं रक्त वापरलं गेलं, काहींत फ्लोरिडातले करड्या पाठीचे मायामी कॉर्न. दोघांच्या रंगावरून वंशरेषा कळत नाही.

रंगापेक्षा डागांची मोजणी बरी. मानेपासून अवस्करापर्यंतचे पाठीवरचे मोठे डाग मोजा, शेपटीवरचे धरू नका. एमोरीचे डाग कॉर्नपेक्षा अरुंद, दाटीवाटीने बसलेले आणि संख्येने जास्त असतात. दक्षिण टेक्सासकडच्या एमोरींत ते कमी असतात, त्यामुळे इथेही दोघांच्या सीमा एकमेकींत शिरतात. दुसरा धागा पिल्लांचा. एमोरीची अंडी मोठी आणि कमी, पिल्लंही कॉर्नपेक्षा दणकट. एकाच घोळक्यात विलक्षण मोठी, पहिल्याच दिवसापासून नवजात गुलाबी उंदरावर तुटून पडणारी पिल्लं असतील तर आई-बापाबद्दल नीट विचारा.

घोळक्यावरून आणखी एक गोष्ट समजते. दोन संकरितांची पिल्लं एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. एकाला पट्टे, दुसऱ्याला डाग, तिसऱ्याला साखळी. शक्य असेल तर एकट्या पिल्लाचा फोटो नको, सगळी भावंडं एकत्र दिसतील असा मागा. आणि एकच पिल्लू विचित्र नक्षीचं असेल तर घाई करू नका. अंडी फार गरम राहिली की शुद्ध कॉर्नच्या पिल्लांतही डाग जुळून वेड्यावाकड्या रेघा येतात.

‘अल्ट्रा’बद्दल वेगळं सांगावं लागेल. हा गुण अमेलच्याच जनुकाच्या जागेवर बसतो, आणि आई-बापांकडून एक अल्ट्रा, एक अमेल मिळालेला ‘अल्ट्रामेल’ मधाच्या रंगाचा दिसतो. अमेल आनुवंशिक आहे हे बेकटेल दांपत्याने १९६२ मध्ये पैदाशीतून दाखवलं, आणि तो गुण ओसीए-२ नावाच्या जनुकातल्या बिघाडाने येतो हे जिनिव्हातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये. अल्ट्रा मात्र करड्या रॅट स्नेकच्या जुन्या संकरातून कॉर्नमध्ये आला, असं बहुतेक जाणकार पैदासकार मानतात. शुद्धतेबाबत काटेकोर असणारे म्हणूनच अल्ट्रा असलेला एकही साप आपल्या पैदाशीत घेत नाहीत. मला ती भूमिका पटते, कारण वंशावळीत ‘अल्ट्रा’ हा शब्द दिसला की पुढचा वाद निदान उघड होतो. टेसेरा या प्रकाराबद्दलही असाच वाद झडला, त्याच्या पाठीवरची रेघ किंगस्नेककडून आली की कॉर्नमध्येच उगवली यावर.

हे सगळं कुठवर चालतं, तर थेट संकराच्या दोन-तीन पिढ्यांपर्यंत. जंगल कॉर्न शुद्ध कॉर्नशी जोडला की पिल्लांत किंगस्नेकचा वाटा सरासरी पाव, पुढच्या पिढीत साडेबारा टक्के, त्यापुढे सव्वासहा. तिथे खवले, कंगोरा, भाला सगळं कॉर्नसारखं झालेलं असतं. भिंग घेऊन बसणाऱ्यालाही मग काही हाती लागत नाही.

डीएनए तपासणीकडून लोक फार अपेक्षा ठेवतात. कातीचा तुकडा पाठवून ज्या व्यावसायिक चाचण्या होतात त्या बहुधा रंगाचे गुण शोधतात: अमेल आहे का, अल्ट्रा आहे का. त्या जातीची शुद्धता सांगत नाहीत. मायटोकाँड्रियाचा डीएनए वाचून जात ओळखता येते, पण तो फक्त आईकडून येतो. आई, आजी, पणजी कॉर्न असतील तर बाप किंगस्नेक असला तरी अहवाल ‘कॉर्न’ असाच येईल. नुसतं माहेरचं आडनाव वाचून दोन्ही घराणी ओळखल्याचा दावा करावा, तसं ते आहे. खरं उत्तर हवं तर केंद्रकातल्या डीएनएवरच्या अनेक जागा तपासून त्या ठिकठिकाणच्या जंगली कॉर्न, एमोरी आणि किंगस्नेकच्या नमुन्यांशी ताडाव्या लागतात. हे संशोधनाचं काम आहे. दुकानातल्या सापासाठी कोणी ते करत नाही.

म्हणून शेवटी भरवसा वंशावळीचा. विक्रेत्याला आई आणि बाप दोघांचे फोटो मागा, पोटासकट. अंड्यातून बाहेर आल्याची तारीख, आजी-आजोबा कुठल्या वंशरेषेचे, लपलेले गुण कोणते, हे विचारा. ‘हेट’ म्हणजे गुण अंगावर न दिसता रक्तात लपलेला; ‘६६ टक्के हेट’ म्हणजे साध्या दिसणाऱ्या दर तीन पिल्लांत सरासरी दोघांत तो गुण लपलेला असतो, एवढाच त्याचा अर्थ आहे. ती टक्केवारी शुद्धतेची नाही, हे नवख्यांना कोणी सांगत नाही. ‘ओकीटी’ म्हणून विकत असतील तर ठिकाण विचारा. नाव दक्षिण कॅरोलायनातल्या जॅस्पर काउंटीतल्या ओकीटी शिकारी क्लबच्या जमिनीवरून आलं, पण आज जाड काळ्या कडांचा कुठलाही कॉर्न त्या नावाने जातो. खरा प्रामाणिक पैदासकार ‘पणजोबांबद्दल माहिती नाही’ असं सांगतो. ‘आमच्याकडे सगळं शंभर टक्के प्युअर’ म्हणणाऱ्याकडे निम्म्या वेळा आईचा फोटोही नसतो.

कायदाही बघा. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी, जॉर्जियासारख्या राज्यात तिथले देशी बिनविषारी साप पाळायला बंदी आहे आणि त्यात कॉर्न येतो. न्यू जर्सीत तो पाइन बॅरन्स या जंगलपट्ट्यातला संकटग्रस्त साप आहे. महाराष्ट्रात तस्कर, धामण असे आपले साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, तस्कर कॉर्नसारखा दिसतो म्हणून त्याला उचलू नका.

आणि घरातला साप संकरित निघाला तर? प्राणी म्हणून त्यात काहीही उणं नाही, तो तितकाच वर्षानुवर्षं जगेल आणि खाईल. जंगल कॉर्न किंवा सिनाकॉर्न असेल तर मात्र त्याला दुसऱ्या सापासोबत एका डब्यात कधीही ठेवू नका, जोडी लावण्यापुरतंही पाठ फिरवून जाऊ नका. किंगस्नेक साप खातात आणि ती भूक संकरातही उतरते. डब्यावरची ‘कॉर्न’ ही चिठ्ठी काढा आणि त्या जागी जे माहीत आहे ते सगळं लिहा: ‘कॉर्न × एमोरी, प्रमाण माहीत नाही’, किंवा ‘खवला अखंड, किंगस्नेकचा संशय’, सोबत विकत घेतल्याची तारीख आणि विक्रेत्याने काय सांगितलं ते. तो साप कधी दुसऱ्या घरी गेला, तर ही चिठ्ठीही डब्यावर तशीच राहू द्या.